सामायिक फाइल

रुग्णालयाच्या सर्व्हरवर तीन ॲप्लिकेशनं चालत: एक तपासण्यांचं, एक औषधांचं आणि एक नव्या नर्सना शिकवायचं. माहिती कुठल्या डेटाबेसमधून घ्यायची, तो पत्ता तिन्हींनाही लागे. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिणं ताईंना पटत नसे. सर्व्हर सांभाळणाऱ्या या बाईंना सगळं रुग्णालय ताईच म्हणे. गेल्या महिन्यात त्यांनी पत्ता एका सामायिक फाइलीत ठेवला, तिन्हींना तिथूनच घ्यायला लावला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आज सकाळी प्रशिक्षण होतं. सरावासाठी ताईंनी खऱ्या रुग्णांच्या माहितीची नक्कल केली होती. खासगी गोष्टी फुटायला नकोत, म्हणून ॲलर्जीच्या रकान्यात सगळ्यांना ‘नाही’ भरलं होतं. शिकवायचं ॲप्लिकेशन तेवढं नकलेकडे वळवायचं होतं. पण आता पत्ता म्हटलं की हात त्याच फाइलीकडे जायचा. तो गेला.

वीस मिनिटांनी सरावाच्या डेटाबेसमध्ये औषधांच्या नोंदी पडताना दिसल्या. वॉर्डातल्या, खऱ्या! म्हणजे तिन्ही ॲप्लिकेशनं नकलेकडे वळली होती. शहाणपण नडतं ते असं. त्यांनी पत्ता जागेवर आणला, पण वॉर्डात आधीच उघडलेल्या पडद्यांवर ‘नाही’च असणार होतं. आता वॉर्डाचा फोन लागेल तर शपथ! ताई उठल्या आणि जिन्याने पळत सुटल्या. कुणाला सुई टोचली गेली असेल तर, एवढं एकच डोक्यात होतं.

पहिल्याच वॉर्डात सिस्टर एका म्हाताऱ्या रुग्णाच्या दंडाला कापूस लावत होत्या. दुसऱ्या हातात भरलेली सिरिंज होती.

“थांबा! टोचू नका!”

“अहो ताई, पेनिसिलिन आहे. ॲलर्जी बघितली मी, ‘नाही’ आहे.”

“पडद्यावरचं खोटं आहे. चूक माझी आहे. कुणालाच काही देऊ नका, सगळ्या वॉर्डांना सांगा.”

सिस्टरनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता.

“अजून कुणाला दिलंत?” ताईंनी धापा टाकत विचारलं.

“नाही. हे पहिलेच.”

ताईंनी पलंगाचा दांडा धरला. उशाशी रुग्णाची बायको बसली होती. ती हळूच म्हणाली, “मी सांगितलं होतं हो, ह्यांना ते चालत नाही. मागे जिवावर बेतलं होतं. पण सिस्टर म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये तसं नाही. मग म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल.”