आधी छापील, मग तोंडी

कार्डांच्या खणात वाळलेली पाल.

भरबाजारात पालथी घातलेली टोपली.

९५४ आकड्याचं कपाट, वरून दुसरा कप्पा.

"पुस्तकात काय माही टोपली सापडनार हाये का वो?"

हाताला चिकटपट्टीने बसवलेली सलाईनची सुई.

आता क्रमाने.

आचल वर्ध्याला इतिहासात एम.ए. करते. गाव रोहणा. साठेक वर्षांपूर्वी तिथल्या भाजीवाल्या बायकांनी बाजारकराविरुद्ध टोपल्या पालथ्या घातल्या, आठवडाभर एक वांगं विकलं नाही. हे तिला चुलतआजी धुरपताने सांगितलं. त्या बायकांपैकी आता आजीच उरली होती. आचलने प्रबंधासाठी तोच विषय घेतला.

"पयली टोपली कोनाची, थे सांगतो तुले. बस तं खरी."

"आधी पुस्तकात पाहून येतो, आजी."

तेव्हा आजी ते टोपलीचं बोलली, आणि हसली.

कारण प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. "आधी छापील, मग तोंडी. तारखा हातात नसताना म्हाताऱ्या माणसांपुढे बसलं, की ती आपल्याला कुठेही नेतात."

रीत शिकवली ती कॉलेजच्या ग्रंथपालांनी, श्रावणभाऊंनी. आधी कार्डांचा खण, मग ९५४ चं, म्हणजे भारताच्या इतिहासाचं कपाट. जिल्ह्याच्या गॅझेटियरात नाही म्हणून थांबायचं नाही. पुस्तक मागून उघडायचं. आधी सूची, मग तळटिपा. तळटीप नेईल तिथे जायचं. पान नंबर तिथल्या तिथे लिहायचा.

"किती दिवस लागतील, भाऊ?"

"वाळवीले इचार. तिनं किती ठेवलं, त्याच्यावर हाये."

साडेतीन महिने लागले. एका तळटिपेने तिला जुन्या साप्ताहिकाच्या बांधीव अंकांपाशी नेलं. पान पिवळं, कडा भुगा झालेल्या. चार ओळी. वर्ष होतं, वार होता, कराचा आकडा होता. शेवटी: एका बाईने सुरुवात केल्याचे समजते.

एका बाईने.

आचलने पान नंबर लिहिला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन आजीच्या मुलाला, कैलासकाकाला, फोन लावला. "काका, आजीले सांगा, उद्या येतो मी. सगळं लिहून घेतो."

"आम्ही सेवाग्रामले आहो, बेटा. दवाखान्यात. सकाळी न्हानीत पडली थे. तोंड वाकडं झालं, बोलनं गेलं."

संध्याकाळी दवाखान्यात आचलने सलाईन लावलेल्या आजीच्या कानाशी त्या चार ओळी वाचल्या. दोनदा. मग आजीच्याच गोष्टीतली नावं एकेक घेतली.

"तानाबाई होती काय?"

आजीची डावी मूठ मिटली.

"नलू?"

मूठ मिटली.

"तूच होती काय, आजी?"

मूठ मिटली. तशीच, तेवढीच.

काका म्हणाले, "राहू दे आता. थकली थे."

प्रबंधात आचलने लिहिलं, एका बाईने. खाली तळटीप दिली, पान नंबरासकट. सरांनी त्या तळटिपेपुढे बरोबरची खूण केली.

त्या साडेतीन महिन्यांत, दिवाळीला, लायब्ररी अकरा दिवस बंद होती. ते अकरा दिवस आचल रोहण्याला होती, आजीच्या घरापासून चार घरं सोडून.