शिवणीतली माया

सर्जननं पडद्यावरच्या मेंदूच्या स्कॅनवर बोट टेकवलं. "तंतूंची रेघ कुठंय?"

"एक रेघ नाही, सर," ती म्हणाली. "हजार वेळा काढली, दर वेळी जराशी सरकली. त्या सगळ्या एकावर एक ठेवल्या की असं दिसतं."

बोलण्याचे तंतू मेंदूत जिथून जातात तिथं निळसर धुकं होतं आणि त्याला खेटून दादाची गाठ. सख्ख्या भावाचं स्कॅन तिनं पाहू नये हे दोघांनाही कळत होतं, पण स्कॅनवरून तंतूंचा नकाशा काढता येणारं दुसरं कुणी तिथं नव्हतं.

"धुक्यात मला सुरी चालवता येत नाही. तंतूंपासून किती अलीकडे थांबू, तेवढं सांगा."

"पाच मिलिमीटर."

"मग बरीच गाठ आत राहील."

"हो," म्हणत ती खिडकी लावायला उठली. खिडकी लावलेलीच होती.

वॉर्डात दादा शेजारच्या पेशंटच्या शर्टाला नावं ठेवत बसला होता. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. शिवण वाकडी दिसली की त्याला राहवत नसे. आता शब्द निसटायचे, तोंड मात्र तेवढंच फटकळ.

"माझी खात्री आणलीस का दुकानातून?"

"कात्री, दादा."

"तेच म्हणालो की."

आपलं काम तिनं त्याला त्याच्याच भाषेत समजावलं होतं: माप पक्कं नसलं की शिवणीत माया सोडायची, थोडं जादा कापड. तेव्हापासून तो तिचा पिच्छा पुरवत होता.

"किती माया सोडलीस?"

"पाच."

"आणि हिशेबात किती आली?"

ती त्याच्या चादरीच्या सुरकुत्या काढू लागली. "तीन."

"मग वरची दोन कुणाची?"

तिला त्याचा राग आला, आणि रडूही. त्यानं चादर तिच्या हातातून हळूच सोडवून घेतली.

"अगं, कापड असतं तर मीही सोडली असती. जादा कापड आत गप पडून राहतं. ही गाठ वाढेल."

जिन्यात जाऊन तिनं सर्जनला फोन लावला. "सर, पाच नाही. तीन."

"नक्की?"

"नाही. म्हणून तर तीन. नक्की असतं तर माया सोडलीच नसती."

ती काय म्हणाली ते त्यांना कळलं की नाही कोण जाणे. "ठीक आहे," ते म्हणाले, "उद्या सकाळी."

परत आली तेव्हा दादा उशीला टेकून डोळे मिटून पडला होता. तिनं तीनचं सांगितलं. त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "उद्या काय व्हायचं ते होवो. पण माझी खात्री कुणाच्या हाती देऊ नकोस. मेले कागद कापतात तिनं."

तिनं त्याचा शब्द सुधारला नाही.

"नाही देणार," ती म्हणाली. "तुझी खात्री माझ्यापाशीच राहील."