दुकानाचं नाव

बहिणीच्या डाव्या हातातली कात्री दुकानदाराने काढून घेतली आणि दोरा स्वतःच कापला. तिने वेडीवाकडी पडलेली शिवण पाहिली आणि कापड मशीनवरून बाजूला सारलं.

"डाव्या हाताला कुठलं जमायला," ती म्हणाली.

उजवा हात तिने मांडीवर ठेवला होता. उकळत्या पाण्याने भरलेली विजेची किटली उचलताना तिची मूठ निखळून पाणी हातावर सांडलं होतं, आणि जखमा भरता भरता तीन बोटं एकमेकांना चिकटून बसली होती. शस्त्रक्रिया केली तर सुटतील, असं डॉक्टरांचं म्हणणं. खर्च ऐकून ती हसली होती. रडून काही तो कमी होणार नव्हता.

किटली भावाच्याच दुकानातली होती. दुसरीकडे घेतलेला माल गिऱ्हाइकं त्याच्या गळ्यात मारायला येत, म्हणून विकलेल्या प्रत्येक वस्तूवर दुकानाचं नाव कोरून द्यायची त्याला खोड लागली होती. कारखान्याचं लेबल खरवडून काढायचं आणि तिथे आपलं नाव घालायचं. पुढेपुढे त्याला याचा इतका अभिमान वाटू लागला की साध्या चमच्यालाही त्याने सोडलं नाही. आता वकील म्हणत होते, वस्तूवर ज्याचं नाव, कायद्याच्या लेखी ती त्यानेच बनवलेली. खरा कारखानदार तर कधीच गाशा गुंडाळून पसार झाला होता. बहिणीने दावा लावला, तर भरपाई भावाने द्यायची, म्हणजे दुकान विकायचं.

तेच बोलायला तो आला होता, आणि मघापासून दोरे कापत बसला होता.

"दादा, तोंड एवढंसं करू नकोस," शेवटी तीच म्हणाली. "नाही लावत मी दावा. तुझ्या पोटावर पाय देऊन मला हात नको. शेजारीपाजारीही सांगितलंय, माझ्याच हातून पाणी सांडलं म्हणून."

त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तो तिच्याकडे बघू शकेना.

"बाकीच्या किटल्या मागवल्यास ना पण परत?"

"वकील म्हणतात, परत मागवल्या की दोष कबूल केल्यासारखं होतं."

"म्हणजे नाही मागवल्यास."

"बघतो गं. जरा दमाने घेऊ दे."

तेवढ्यात शेजारीण चहाचे दोन कप घेऊन आत आली. तिची चिमुरडी मुलगी पदर धरून मागोमाग होतीच.

"भाऊ, तुम्ही येताना दिसलात, म्हटलं चहा द्यावा. पाणी तुमच्याच किटलीतलं हं! तुमचं नाव बघून डोळे झाकून घेतली." तिने कप पुढे केला. "मूठ तेवढी जरा हलते. पण पाणी काय झटपट उकळतं! ही कार्टी सारखी तिला हात लावायला बघते."

मुलीने लाजून पदरात तोंड लपवलं.

बहिणीने भावाकडे पाहिलं. ती थांबून राहिली. त्याने कप ओठाला लावला. चहा चांगलाच कढत होता, तरी तो घोट घोट पीत राहिला. कप रिकामा झाला तेव्हा त्याला तो खाली ठेवावाच लागला.

"चहा छान झालाय," तो म्हणाला.

शेजारीण खुलली आणि कप उचलून दाराकडे वळली.

"थांब गं," बहीण उठत म्हणाली. "त्या किटलीला आता कुणी हात लावायचा नाही. मी येते तुझ्याबरोबर, सगळं सांगते."

शेजारीण गोंधळून दोघांकडे बघत राहिली. बहिणीने डाव्या हाताने मुलीचं बोट धरलं. दुकानदार उभा राहिला.

"माझा एकटीचा हात होता तोवर ठीक होतं, दादा," ती म्हणाली. "उद्या मी वकिलाकडे जातेय."