विमानांची खबर

आरोंद्याच्या सड्यावर, गावावरच्या उंच कातळमाळावर, उभं राहिलं की एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला, खाली, तेरेखोलची खाडी. खाडीपलीकडचं पालये गाव तेव्हा पोर्तुगिजांच्या गोव्यात होतं. सुभद्रेची एकुलती एक मुलगी सावित्री तिथे दिलेली. लग्न झालं तेव्हा या अंतराचं कोणाला काही वाटलं नव्हतं. सकाळी युसूफ नावाड्याच्या तरीत, पलीकडे नेणाऱ्या होडीत, बसावं, लेकीच्या हातची पेज जेवावी आणि गुरं परतायच्या वेळेला घरी यावं.

पंचावन्न साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि आपल्या सरकारने सीमा बंद केली. किरणपाण्याच्या धक्क्यावर चौकी बसली. युसूफची होडी माडाखाली पालथी पडली. पलीकडे जायचं तर पास लागे, आणि सुभद्रेसारख्या विधवेला तो कोणी देत नव्हतं.

त्याच वर्षी विमानं सुरू झाली. तिकडे दक्षिणेला, दाभोळीला, पोर्तुगिजांनी, गावच्या भाषेत पाखल्यांनी, विमानतळ बांधला होता. तिथून उठलेलं विमान समुद्रावरून उत्तरेकडे जायचं. कोणी म्हणत दमणला, कोणी म्हणत कराचीला. युसूफचा चुलतभाऊ फकरुद्दीन तिथे हमाल होता. समुद्रात दोन्हीकडच्या होड्या भेटत, तेव्हा त्याच्या गोष्टी इकडे येत. एक विमान रिकामं होतंय न होतंय तोवर दुसरं घरघरत येतं, पाठ सरळ करायला फुरसत नाही, असं तो सांगे. साहेबांच्या बायका उतरतात, दारूचे खोके उतरतात, परदेशातले बटाटेसुद्धा उतरतात.

सुभद्रा रोज सड्यावर गवत कापायला जायची. पहिल्या वर्षी तिला विमानांची मौज वाटली. मग सावित्रीला मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. ही बातमी सुभद्रेला कळली ती पालयेच्या काठावरून कोणी तरी हाका मारून सांगितली म्हणून, तीही लेकराला पुरून झाल्यावर. त्या दुपारी ती सड्यावर असताना एक विमान नेहमीसारखं आरामात समुद्रावरून गेलं. तिने हातातला कोयता कातळावर असा आपटला की त्याची धार गेली.

"पाखल्यांचे बटाटे इमानान येतत," संध्याकाळी ती युसूफला म्हणाली, "आणि माज्या लेकीक तिची आवस गावणा नाय."

युसूफने मान खाली घातली.

चौकीवर निंबाळकर नावाचे फौजदार होते, घाटावरचे. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक विमानाची खबर वर कळवावी, असा त्यांना हुकूम होता. पण सड्यावरच्या उन्हात त्यांचे शिपाई टिकत नव्हते. त्यांनी सुभद्रेला बोलावून घेतलं.

"तू रोज वर असतेसच. विमान दिसलं की खाली येऊन सांगायचं. पंखे किती, कुठल्या दिशेला गेलं, उंचावरून की खालून."

"आणि माका काय गावतला?"

"पास. मी स्वतः शिफारस करीन."

सुभद्रेने विश्वास ठेवला. विमान दिसलं की भारा टाकून ती सडा उतरायची. "दोन पंख्यांचां. दाभोळेक गेलां." "चार पंख्यांचां, खाल्यानच गेलां." पावसात नुसता आवाज ऐकू आला तरी भिजत येऊन सांगायची. निंबाळकर ऐकून घेत, शिपायाला लिहायला सांगत, आणि पासाचं विचारलं की म्हणत, "वर पाठवलंय."

सावित्रीला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना लागला, सातवा लागला. पास वरच राहिला.

एके दिवशी सुभद्रा विमानाची खबर घेऊन धक्क्यावर आली, तर पोलिसांच्या होडीतून भाई उतरत होते. भाई म्हणजे गावातले काजूचे व्यापारी. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात मिठाईची टोपली. पलीकडे गोव्यात, म्हापशाला, भाचीच्या लग्नाला जाऊन आले होते. निंबाळकरांनी हात देऊन त्यांना वर घेतलं.

भाई गेल्यावर सुभद्रेने विचारलं, "भाईंका पास कसो गावलो?"

"भाईंची गोष्ट वेगळी."

"आणि माझो?"

निंबाळकरांच्या तोंडात भाईंनी दिलेला पेढा होता. तो चघळत ते हसले. "बाई, तुला पास देऊन पलीकडे धाडलं तर इथे विमानं कोण बघणार?"

शिपाईही हसले. सुभद्रा तशीच उभी राहिली. म्हणजे पास वर गेलाच नव्हता. ती जितकी इमानाने सडा उतरत होती, तितकी लेकीपासून लांब जात होती. त्या दिवशीची खबर तिने तोंडातून काढली नाही. पाठ फिरवून ती थेट युसूफच्या माडाखाली गेली.

"होडी पाण्यात घातली तर चलात?"

"भोकां बुजवली तर चलात," युसूफ म्हणाला. "पण चौकेर बंदुको आसत, सुभद्राबाय."

"चौकी रिकामी झाली तर?"

"ती कशी होतली?"

"तां माज्यार सोड. तू भोकां बुजव."

युसूफची बायको बदरुन्निसा दारात उभी राहून ऐकत होती. तिला हे पसंत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण सावित्री तिच्या अंगणात खेळलेली पोर. तिने आत जाऊन डांबराचा डबा आणून नवऱ्यापुढे ठेवला.

त्यानंतर सुभद्रा पुन्हा रोज खबर द्यायला लागली, काही झालंच नाही अशी. निंबाळकरांना वाटलं, बाई निवली.

पौषातल्या एका सकाळी पलीकडच्या काठावरून सावित्रीच्या सासूच्या हाका आल्या. सावित्रीच्या पोटात दुखतंय. सुईण म्हणते, मूल आडवं आहे.

सुभद्रा सड्यावर चढली ती नुसती वळून यायला. उतरताना ती मुद्दाम काट्यांतून धावली. लुगडं फाटलेलं, गुडघा सोललेला, अशी ती चौकीत शिरली.

"साहेब, इमान पडलां. रेडीच्या किनाऱ्यार. गोरे शिपाय भायर येतत, बंदुको घेवन."

निंबाळकर खुर्चीवरून उठले. "नक्की पाहिलंस?"

"मी कधी खोटी खबर दिलंय?"

ते खरंच होतं. तिने कधीच दिली नव्हती. निंबाळकरांनी वरच्या साहेबांना तार करायला माणूस पिटाळला, टोपी चढवली आणि चौकीतली झाडून सगळी माणसं घेऊन ते रेडीच्या वाटेने पळाले. मागे एक आचारी राहिला. तो मासे साफ करत होता आणि त्याने मान वर केली नाही.

भर सकाळच्या उन्हात युसूफने आणि सुभद्रेने होडी पाण्यात लोटली. युसूफ वल्ही मारत होता. सुभद्रा पुढे बसली होती आणि पलीकडचा काठ जवळ येत असताना तिला आनंद होत नव्हता. एवढंसं पाणी, एवढंसंच, असं मनात येऊन तिचे दात दातांवर दाबले जात होते.

तिला उतरवून युसूफ लगेच परतला. बदरुन्निसा घरात एकटी होती.

सावित्रीच्या पोटावर तेल लावून, हाताने हळूहळू वळवत सुभद्रेने आणि सुईणीने मूल सरळ केलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली. सावित्रीला ताप भरला आणि सुभद्रा तिच्या उशाशी बसून राहिली.

ताप उतरतोय तोवर समुद्रावरून आलेल्या एका होडीवाल्याने सांगितलं की युसूफला काठावरच धरलं. कुऱ्हाडी घालून त्याच्या होडीच्या फळ्या केल्या. त्याला इतकं मारलं की कानातून रक्त आलं. आता कोठडीत आहे.

सुभद्रा उठली.

"आये, जाव नको," सावित्री म्हणाली. "थंय गेलंस तर तुका धरतले."

"धरूंदेत. त्येचां काय चुकलां?"

"आणि बारसां?"

सुभद्रेने नातीच्या कपाळावर हात ठेवला. बारशालासुद्धा राहता येत नाही याच्या संतापात तिने तो पटकन काढून घेतला. त्याच होडीवाल्याने तिला इकडे आणून सोडलं.

चौकीत निंबाळकर होते आणि शेजारी एक मोठे साहेबही होते. त्या तारेमुळे त्यांना चौकशीला यावं लागलं होतं. निंबाळकरांचा चेहरा तिला बघताच लाल झाला.

"तुझ्यामुळे सगळ्या जिल्ह्यात माझं हसं झालं. आता नीट ऐक. त्या युसूफने तुला फितवलं, तो चोरटा व्यापार करतो, एवढं साहेबांना सांग. तुला घरी पाठवतो."

"खोटां मी बोललंय. तेणां फकत होडी वल्हयल्यान." मग ती मोठ्या साहेबांकडे वळली आणि तिला येत होतं तेवढ्या शुद्ध मराठीत म्हणाली, "साहेब, या माणसाने मला पास देतो म्हणून सांगितलं. दोन पावसाळे मी विमानं बघितली. पास मागितला तर म्हणाला, तुला पास दिला तर विमानं कोण बघणार? पहिलं लेकरू मेलं तेव्हा मी पलीकडे नव्हते. दुसरंही मेलं असतं. विचारा त्याला, असं बोलला की नाही."

मोठ्या साहेबांनी निंबाळकरांकडे बघितलं. दाराशी उभा असलेला एक शिपाई, तोच जो त्या दिवशी हसला होता, जमिनीकडे बघत म्हणाला, "बोलले होते, साहेब."

युसूफ सुटला. त्याचा डावा कान मात्र कायमचा गेला. सुभद्रेला खोट्या खबरीबद्दल शिक्षा झाली, ती तिने भोगली. निंबाळकरांची बदली झाली, आणि काही महिन्यांनी कळलं की बढतीही झाली. नवे फौजदार आले. त्यांनी एकदा विमानांचं विचारलं, तेव्हा सुभद्रा म्हणाली, "माका आता दिसणा नाय," आणि त्यांच्यादेखत सुईत दोरा ओवला.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात आपली विमानं आली. दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले आणि दोनच दिवसांत गोवा सुटला. किरणपाण्याला पुन्हा तरीची होडी सुरू झाली. तिचा ठेका भाईंना मिळाला. पहिल्या फेरीला धक्क्यावर पताका लावल्या होत्या. त्या तरीतून सावित्री आपल्या मुलीचा हात धरून उतरली.

गळ्यात हार घातलेले भाई पुढे आले. "बघ सुभद्रे, शेवटी सगळां गोड झालां."

"तुमका झालां," सुभद्रा म्हणाली. "युसूफाची होडी तुमच्याच काजूच्या मांगरात, भट्टीक सरपण म्हणान जळली. तेच्या बायलेन ती फळी फळी ओळखल्यान. तोंड गोड करूचां तर तेका ही होडी चलवक दिया, मगे माज्याकडे या."

भाईंचं हसू गेलं. सावित्रीने आईचा हात ओढला, पण सुभद्रा तिथून हलली नाही. उत्तराची वाट बघत ती भाईंच्या वाटेत तशीच उभी राहिली.