बारा किलोमीटरवरचा दादा

खुडबुड्याला त्या महिन्यात कशातच चैन पडत नव्हतं. तारघरात ठोक्यांनी अक्षरं पाठवायचं काम त्याला थोरल्या भावाने शिकवलं होतं, आणि आता त्याच दादाचे कान दगा देत होते. डावा गेलेला, उजवा महिनाभराचा सोबती, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्या महिनाभरात आपल्या घरी जुळवलेल्या ट्रान्समीटरचे ठोके बारा किलोमीटरवरच्या दादाला त्याच्या रेडिओवर ऐकवायचेच, हे खुडबुड्याने मनाशी घट्ट धरलं.

पण बहुतेक दिवशी ठोके आठ किलोमीटरच्या पुढे जाईनात. याने काय नाही केलं? एरियलची तार गच्चीवरून पार पाण्याच्या टाकीवर चढवली, गुंडाळीचे वेढे वाढवले, जेवता जेवता ताटावरून उठला. मधूनच वहिनीचा फोन यायचा, "भाऊजी, आज काहीतरी टकटक येतंय म्हणतात." दुसऱ्या दिवशी पुन्हा शुकशुकाट.

"बुधवारी अन् शनिवारीच कसं पोचतं हे?" नोंदींची वही चाळत तो करवादला.

"त्या दिवशी मी चादरी धुते," बायको म्हणाली. "पाणी तुमच्या त्या सळईपाशी जातं."

खुडबुड्या अंगणात धावला. अर्थिंगसाठी जमिनीत ठोकलेली सळई! तार उंच नेण्याच्या नादात खालची ठणठणीत कोरडी जमीन त्याच्या ध्यानीमनीही नव्हती, आणि सगळी ताकद तिथेच जिरत होती. दोन दिवस त्याने अंगण खणलं, सळईपासून चहूकडे तांब्याच्या तारा पुरल्या, बादल्यांवर बादल्या ओतल्या.

"एवढं पाणी कधी झाडांना घातलं असतंत तर," बायको म्हणाली. त्याने आणखी एक बादली ओतली.

रविवारी सकाळी दहाला त्याने ठोके द्यायला घेतले. थोड्या वेळाने फोन वाजला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "कालपासून यांना काहीच ऐकू येत नाही."

एका दिवसाने चुकलं. "मग राहू दे," तो कसाबसा म्हणाला.

"राहू दे काय? आवाज मोठा करून स्पीकरच्या पडद्यावर बोटं टेकवून थरथर वाचत बसलेत. एकेक अक्षर मला लिहून घ्यायला लावतायत. तुम्हाला निरोप आहे."

"काय?"

"म्हणतात, अजून घाईच करतो. त्याला म्हणावं, सावकाश पाठव."

खुडबुड्याने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि दादाने शिकवलं होतं तसं, सावकाश, पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू केलं.