अर्ध्या बोटाची गोवरी

काटकसरीत माझा हात धरील अशी बाई पुंडलिकनगरात नाही, असं मी स्वतःच म्हणते, कारण दुसरं कुणी म्हणत नाही. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. उरलेल्या पट्ट्यांची पायपुसणी होतात, पायपुसणं विरलं की ते ओट्याखाली जातं, आणि त्याच्याही चिंध्या झाल्या की त्या कुंडीच्या बुडाशी, माती वाहून जाऊ नये म्हणून. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला आणि भाजी धुतलेलं तुळशीला. दुधीच्या सालींची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. आमचे हे चितेगावच्या एका कंपनीत आहेत. ते म्हणतात, तुझ्या दारातून कचरागाडी रिकामी जाते, एक दिवस ते लोक रुसतील.

अशा घरात माझ्या सासूबाई राहायला आल्या. मामा, म्हणजे माझे सासरे, गेले आणि पिशोरचं घर त्यांना खायला उठायला लागलं, म्हणून ह्यांनी त्यांना आणलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मला वाटलं होतं, शेतातली बाई, सढळ हाताची असणार. तर त्या माझ्या वरताण निघाल्या. मी फेकलेला सुतळीचा तुकडा त्या उचलून ठेवत. मी चहाचा चोथा झाडाला घालते, तर त्या तो आधी वाळवून कपाट पुसायला घेत आणि मग झाडाला घालत. एका म्यानात दोन तलवारी. पण भांडण कधी झालं नाही, कारण आत्याबाई बोलतच नसत. मी शंभर शब्द बोलले की त्यांचा एक "व्हय".

येताना त्यांनी पत्र्याच्या पेटीबरोबर एक गोवरी आणली होती. चांगली ताटाएवढी. कांद्याच्या लाल जाळीत घालून त्यांनी ती मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाच्या वर भिंतीतल्या खिळ्याला अडकवली, थापल्याची बाजू भिंतीकडं करून. मी म्हटलं, "आत्याबाई, गॅसच्या घरात गोवरी कशाला?"

"असू दे. कामाची हाय."

मी हसले. शेजारच्या करुणाताईंना सांगूनही हसले, की लोक गावाहून ज्वारी आणतात, बाजरी आणतात, आमच्याकडं गोवरी आली. आत्याबाईंनी ते ऐकलं असणार. पुढं त्या गोवरीबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. दोन वर्षं ती तिथंच होती.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, चार दिवस आधी आत्याबाई एका लग्नाला पिशोरला गेल्या. ह्यांची रात्रपाळी होती. दिवेलागणीला मागच्या नाल्यावरून डासांची फौज आली आणि घरात कॉइल नव्हती. दुकान चार पावलांवर. पण विकतची कॉइल कशाला, घरात फुकटचा धूर टांगलेला असताना? मी स्टुलावर चढले, जाळी काढली, बत्त्यानं गोवरीचे दोन तुकडे केले. एक जाळीत परत ठेवला, पुढच्या वेळेला होईल म्हणून. दुसरा जुन्या घमेल्यात पेटवून वर कडुलिंबाचा पाला टाकला. छान धूर झाला. आत काहीतरी तडतड फुटत होतं. मला वाटलं, गाईनं मका खाल्लेला असेल.

सकाळी राख भांडी घासायला ठेवावी म्हणून मी ती चाळली. चाळणीत काळ्या बिया राहिल्या. भाजलेल्या, फुगलेल्या, चपट्या बिया. मी जाळीतला उरलेला तुकडा काढून उजेडात धरला. जिथून मोडला होता त्या कडेला पांढुरक्या बिया एका ओळीत बसवलेल्या दिसत होत्या. मी शहरात वाढलेली. गोवरी म्हणजे जळण, एवढंच मला माहीत. बी जपायला ती शेणात थापून भिंतीला लावतात, म्हणजे किडा लागत नाही, हे मला कोण सांगणार? सांगणारीला मी आधीच हसून घेतलं होतं.

हे रात्रपाळीहून आले. मी तुकडा पुढं केला आणि म्हटलं, "दुधीच्या बिया दिसतात. बाजारातून आणून देऊ आपण आत्याबाईंना. चांगल्यातल्या."

ह्यांनी तो तुकडा हातात घेतला आणि उलटा केला. मग खाली खुर्चीत बसले, पायातले बूटसुद्धा न काढता.

"बाकीची?"

"जाळली. डास होते."

"ही दादांनी थापलेली होती," हे म्हणाले. मामांना हे दादा म्हणत.

त्यावर मी उलटी बाजू पहिल्यांदा नीट बघितली. बोटं उमटलेली होती. करंगळी, तिच्या शेजारी अर्धंच बोट, मग मधलं. मामांच्या उजव्या हाताच्या बोटाचं पेर कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं, माझ्या लग्नाच्याही आधी. त्या अर्ध्या बोटाच्या हातानं त्यांनी मला दोनदा आशीर्वाद दिलेला होता. आणि मला ती गोवरी दोन वर्षांत ओळखू आली नाही.

ह्यांनी सांगितलं ते असं. मामा गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत आत्याबाईंचं मनगट मोडलं आणि हाताला प्लास्टर आलं. बियांचा दुधी तर वेलावर वाळून तयार. पिशोरात पुरुषानं शेणाला हात लावायचा म्हणजे गल्लीला तमाशा. तरी मामांनी धोतर खोचलं, शेण मळलं, आत्याबाई ओट्यावर बसून सांगत गेल्या आणि मामांनी बिया बसवून वर पंजा मारला. लोक हसले. मामा म्हणाले, हसा, दुधी खायला याल तव्हा बघतो. संक्रांतीनंतर पंधरा दिवसांत ते गेले.

"माय दरवर्षी आखाजीला आळं करून बी लावायची," हे म्हणाले. "दादा गेल्यापासून लावलं नाही. लावायचं तर गोवरी फोडावी लागते."

मला रडू आलं, आणि मी सहसा रडणारी बाई नाही. माझा स्वभाव असा, की चूक झाली की आधी ती दुरुस्त कशी करायची तेच डोक्यात येतं. साडी कितीही फाटू दे, मी असा रफू करते की बोट फिरवूनही कळत नाही. मी गारखेड्याच्या गोठ्यावर गेले आणि पिशवीभर शेण आणलं. अंगणात थापलं, उरलेला तुकडा शेजारी ठेवून आकार जुळवला आणि ह्यांना म्हटलं, "तुमचा हात मामांसारखाच आहे. ते बोट दुमडा आणि दाबा."

ह्यांनी बोट दुमडलं. पंजा शेणावर धरला. मग मागं घेतला.

"नको, दीपमाला. मायला कळंल. आणि नाही कळलं तर ते जास्त वाईट."

ते शेण मी कढीपत्त्याला घातलं. हे रफू होण्यातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई आल्या. पिशवीत लग्नातल्या बुंदीचा पुडा, कडुबा भाऊजींनी म्हणजे थोरल्या दिरांनी दिलेल्या कैऱ्या, आणि वाटेत कुठंतरी उचललेली एक चांगली सुतळी. मी पाणी दिलं. त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबले आणि मग सगळं सांगितलं, कॉइलपासून चाळणीपर्यंत. बाजारच्या बियांचं मात्र तोंडातून काढलं नाही. शेवटी पदरात धरलेला तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

आत्याबाईंनी तो उलटा केला. अर्ध्या बोटाच्या खळग्यात आपलं बोट ठेवलं. ते बरोबर बसलं नाही, त्यांचं बोट बारीक. त्या चार शिव्या देतील तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

रात्री त्या जेवल्या नाहीत. "भूक नाय," एवढंच. मीही जेवले नाही. भात उरला आणि त्याचा सकाळी फोडणीचा भात करायचंसुद्धा मला सुचलं नाही. ह्यांनी केला, करपवला, आणि आम्ही दोघांनी तो तसाच खाल्ला. आत्याबाईंनी चहाच घेतला. तो सगळा दिवस त्या तुकडा घेऊन मागच्या दारात बसून होत्या. मला एकच भीती होती. आता त्या म्हणतील, मला पिशोरला सोडा, आणि मला अडवायला तोंड नसेल.

तिसऱ्या दिवशी आखाजी. मी पहाटेच पुरण शिजवायला ठेवलं. ह्यांनी मामांच्या नावानं घागर भरली, वर खरबूज ठेवलं, नमस्कार केला. आत्याबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. नमस्कार झाल्यावर त्या मागच्या अंगणात गेल्या आणि थोड्या वेळानं खुरप्याचा आवाज यायला लागला. मग हाक आली.

"दीपमाला, इकडं ये."

धुण्याच्या दगडाशेजारी, जिथं पाणी वाहून जातं तिथं त्यांनी हातभर आळं केलं होतं. तुकडा शेजारी वर्तमानपत्रावर होता.

"बस."

मी उकिडवी बसले.

"दोन आखाज्या गेल्या," त्या म्हणाल्या. त्यांना एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "दर वेळंला खिळ्यापत्तुर हात न्यायचे आन् माघारी आणायचे. बी म्हातारं व्हायलं हे काय मला कळत नव्हतं? आणखी एक साल गेलं असतं तर आत नुसती टरफलं. पर मपल्या हातानं मोडवंना."

मी काहीतरी बोलायला गेले.

"थांब. तू मोडली ते बरं झालं, असं मी म्हणणार नाय. लई वाईट झालं. दोन दिस पोटात तुटायलं. पर आता मोडलीच हाय, तर लावू."

त्यांनी अर्ध्या बोटाच्या खळग्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि तुकडा हातानंच चुरला. बारीक, पिठासारखा. त्यातून नऊ बिया निघाल्या. त्यातल्या चार त्यांनी मला दिल्या आणि सांगितलं, टोक खाली, बोटाच्या एका पेराएवढं खोल. चुरा सगळा वरून पसरला, वर्तमानपत्र झटकून घेतलं. मी चाळलेली राख आणली. मला वाटलं, ती बघून त्यांना वाईट वाटेल. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि आळ्याच्या कडेनं घातली.

"किडा येत नाय," म्हणाल्या. "सगळंच त्यांचं हाय."

त्या दिवशी त्यांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. तिसरी मी वाढली, तर त्यांनी ती संध्याकाळसाठी झाकून ठेवायला सांगितली.

मग आठ दिवस मी शिलाई मशीनवर कमी आणि आळ्यापाशी जास्त होते. नळ आला की पहिला तांब्या तिथं. दहाव्या दिवशी दोन कोंब आले. एक खारीनं कुरतडला. मी खारीला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याभोवती आत्याबाईंनी तुटक्या बादलीचा घेर लावला आणि त्यांनी जमवलेल्या सगळ्या सुतळ्या एकाला एक बांधून वेलाला गच्चीपर्यंत वाट करून दिली. दोन वर्षं मी त्या सुतळ्यांना हसत होते.

श्रावणात दुधी लागले. करुणाताईंना दिले, समोरच्यांना दिले, हे कंपनीत घेऊन गेले. आम्ही भाजी खाल्ली, थालीपिठं खाल्ली, सालींची चटणी खाल्ली. शेवटी हे म्हणाले की आता दुधीचा चहा तेवढा राहिला. एका दुधीला मात्र आत्याबाईंनी माझ्या फॉलची लाल पट्टी बांधली. पट्टी बांधलेल्याला हात लावायचा नाही, तो बियांचा, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं.

दिवाळीनंतर तो वेलावरच वाळून खुळखुळायला लागला. आत्याबाईंनी तो फोडला, बिया राखेत घोळल्या. मी गारखेड्याहून शेण आणलं. त्यांनी ते मळून फरशीवर थापलं आणि एकेक बी कडेनं बसवली, वर पुन्हा शेणाचा थर दिला. मग हात धुवायला उठल्या.

"आत्याबाई, पंजा राहिला."

"तू मार."

"मी कशी? तुमचा हात लागला पाहिजे."

"माझे हात पिशोरच्या भिंतीवर पस्तीस वरसं व्हते. बास झाले." त्या माझ्याशेजारी बसल्या, माझं मनगट धरलं आणि हात शेणावर ठेवला. शेण गार होतं. "दाब. आणखी. करंगळी उचलू नको. माझ्या मागं कुणी ही खिळ्यावरून काढंल, तव्हा त्याला कळाया पाहिजे, दीपमालाचा हात हाय."

मी पाची बोटं दाबली, आणि बराच वेळ हात उचललाच नाही.