पाठमोरी दर्यादेवी

सांगून कोणी विश्वास ठेवणार नाही, पण चिंचणीच्या किनाऱ्यावरची आमची दर्यादेवी एकदा जागच्या जागी फिरली. दगडाची देवी, माझ्या छातीएवढी उंच. पाहणारा मी एकटा, जाळी विणणारा बाळ्या. एकटाच कसा, ते मध्येच विचारू नका.

ही देवी उघड्या चौथऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभी असायची. पूर्वी म्हणे तोंड दर्याकडेच होतं. मग सात भावांची होडी तिच्या डोळ्यांदेखत बुडाली, तिला बघवेना, ती वळली. तेव्हापासून ज्यांचं माणूस दर्यावर गेलंय त्या बाया तिच्या पाठीशी येऊन बसतात.

२०१४ साली तंजावरकडची पद्माअम्मा आमच्या आळीत राहायला आली. नवरा तारापूरला कारखान्यात. देवीची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "आमच्याकडे गाणं ऐकून पाठमोरे देव वळलेत." आणि दर शुक्रवारी देवीमागे बसून गाऊ लागली. शब्द तमिळ नाहीतर तेलुगू. आम्हाला 'अंबा' तेवढं कळायचं. गाता गाता ती मांडीवर थाप मारी, मग करंगळीपासून एकेक बोट टेकवत जाई.

"ही मोजते काय गो?" मी भिकीला विचारलं. भिकी तिथंच बोंबील वाळत घालायची.

"पापलेटं," भिकी म्हणाली. "तुझ्यासारखी नाही, खरी पकडलेली."

महिन्याभरात भिकीच्या मांडीवरही तोच ताल पडू लागला. मी गावभर सांगत सुटलो की अम्मा गायला बसली की खेकडे बिळातून येऊन रांग धरतात, आणि कोणाचा ताल चुकला की नांगी वर करतात. सगळ्यांत जास्त हसायची ती अम्माच.

मग २०१७च्या डिसेंबरातलं वादळ. भिकीचा मुलगा विनोद बोटीवर होता. आळीतल्या बाकी बोटी आल्या, त्याची आली नाही. पहिल्या दिवशी अम्माकडे पाहुणे होते. ती दुसऱ्या सकाळी आली, आणि बसली ती बसलीच. दोन दिवस गात राहिली. आवाज फाटला, पदरावर रक्ताचा थेंब पडला, तरी थांबेना. शेजारी भिकी, पाण्यालासुद्धा शिवेना. चौथ्या पहाटे दोघींचा बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा देवीचं तोंड दर्याकडे.

"वळली," मी म्हणालो. "तिनं ऐकलं. आता उठा दोघी."

उठल्या. माझ्या घरी येऊन पेज प्यायल्या. दुपारी बोटीची फळी उंबरगावला किनाऱ्याला लागली. विनोद कुठंच लागला नाही.

त्यानंतर अम्मा गायली नाही. एकदा भिकीच्या देखत मला म्हणाली, "बाळ्याकाका, देवी ऐकत होती. मी पहिल्या दिवशीच बसले असते, तर ती आधी वळली असती."

मी खेकड्यांचं काहीतरी बोललो. ती हसली नाही.

२०१९मध्ये नवरा निवृत्त झाला आणि ती माणसं गावाकडं निघाली. निरोपाला बाया चौथऱ्यापाशी जमल्या. आळीतल्या सुषमानं अम्माला गाण्याचा आग्रह केला. अम्मानं नुसती नकारार्थी मान हलवली. तिचा नकार मला सोसेना, म्हणून मी देवीची गोष्ट काढली. या खेपेला भरही घातली. दगड कसा करकरला, वळताना देवीनं पदरानं डोळे कसे पुसले, सगळं सांगितलं. अम्मा स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती.

भिकीनं बोंबलांची पाटी खाली ठेवली.

"पुरे, काका. देवी आपोआप वळली नाही, तू पहारीनं वळवलीस. तिच्या पायाशी ओरखडे आहेत. त्या सकाळी पेज वाढताना तुझ्या तळहातांवर फोड होते, मी बघितले. आम्ही उठावं म्हणून केलंस, म्हणून मी मुकाट प्यायले. पण आता ही ते ओझं घेऊन गाडीत बसणार." मग ती अम्माकडे वळली. "अम्मा, माझ्या विनोदची आई मी आहे, मी सांगते. तुझा एक दिवस कुठं चुकला नाही. हा म्हातारा खोटं बोलतो."